पाण्याच्या दिवशी फाटक बंद

आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत माझे एकेकाळचे सहकारी श्री. बिराजदार यांनी माझ्यावर दीड पान लिहिले आहे. लेख गौरवपर आहे. त्यात मला 'वरून काटेरी, आतून गोड' असे फणसाच्या जातीचे ठरवले आहे, ते मी सोडून देतो. निवृत्त मुख्याध्यापकाला फणस म्हणण्याची आपल्याकडे प्रथाच आहे. परंतु त्या दीड पानात दोन विधाने अशी आहेत, की ती न खोडता मी मेलो तर तीच इतिहास म्हणून उरतील. पहिले असे, की श्रीदेवी नावाच्या विद्यार्थिनीला दहावीच्या परीक्षेला बसता यावे म्हणून मी 'हजेरीपट मायेने दुरुस्त केला' आणि त्यापायी वरिष्ठांची नोटीस ओढवून घेतली. दुसरे असे, की ती उत्तीर्ण झाल्यावर माझे मन पालटले आणि मी शाळेचे फाटक उशिरा येणाऱ्यांसाठी उघडले. पहिल्या विधानाने माझ्या माथी गुन्हा मारला आहे आणि दुसऱ्याने माझ्याकडे नसलेला मोठेपणा. दोन्ही मला नकोत. या अंकाच्या संपादकांनी 'सरकारी शाळेतील अनुभव' मागितले आहेत. ते देता देता हा हिशेबही चुकता करतो.

मुख्याध्यापक करतो काय, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. लोकांना वाटते तो शिकवतो. शिकवण्यासाठी त्याला आठवड्यातून काही तास मिळतात आणि ते बहुधा कुणाच्या तरी सहीसाठी मोडतात. उरलेला सारा वेळ तो एका प्रश्नाला उत्तरे देत असतो: हे नियमात बसते का? जन्मतारीख चुकली आहे, बसते का? आईने आडनाव बदलले आहे, बसते का? एकदा सांगोल्याकडचा एक मेंढपाळ मुलीला घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, "मास्तर, मेंढरं निघाली की पोरगी बी निघती. चार म्हैन्यानं परत येतो. तवर तिचं नाव हितंच ठिवा की."

मी म्हटले, "नाव ठेवून भागत नाही. रोज हजेरी लावावी लागते."

"मग ते बुक द्या माझ्याजवळ. म्या लावतो की रोज. माझी मेंढरं बी म्या दोनदा मोजतो."

हजेरीपट मी त्याला दिला नाही; पण वाटेवरच्या कोणत्याही शाळेने मुलीला वर्गात बसू द्यावे असे विनंतीपत्र शिक्का मारून दिले. ती फिरत फिरत चार शाळांत बसली आणि परत आली तेव्हा त्या पत्राच्या मागे चार मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. त्या सह्यांवरून आम्ही तिची हजेरी धरली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण श्री. बिराजदार यांच्या लेखावरून वाचकाचा समज असा होतो की नियम आणि माणुसकी या दोन वेगवेगळ्या खोल्या असून मी एकीतून दुसरीत उशिरा गेलो. मी आयुष्यभर एकाच खोलीत बसलो. तिथल्या एका खिडकीतून मात्र मी बरीच वर्षे बाहेर पाहिले नाही, हे खरे आहे.

ती खिडकी म्हणजे फाटक.

मी या शाळेत रुजू झालो तेव्हा शाळा अकराला भरे आणि मुले बारापर्यंत येत. प्रार्थनेला निम्मे वर्ग रिकामे; पहिला तास म्हणजे दारात 'आत येऊ का सर' असे विचारणाऱ्यांची मिरवणूक. आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली, महापालिकेची. मुले यंत्रमागावरच्या, टॉवेलच्या कारखान्यांतल्या, विड्या वळणाऱ्या घरांतली. 'या मुलांकडून आणखी काय अपेक्षा करणार?' असे तेव्हा आमच्याच शिक्षकखोलीत बोलले जाई. या वाक्याचा मला जितका संताप आला तितका पुढे कोणत्याही नोटिशीचा आला नाही. ज्यांच्याकडून अपेक्षा करायची नाही असे ठरते, त्यांच्यासाठी शाळा चालवायची कशाला? मी सूचना वहीत आदेश लिहिला: प्रार्थना सुरू होताच फाटकाला कुलूप लागेल, नंतर येणाऱ्याने घरी परत जावे आणि त्याची त्या दिवशीची गैरहजेरी मांडावी. महिन्याभरात प्रार्थनेला मैदान भरू लागले. दोन वर्षांत निकाल सुधारला. पोरांनी माझे नाव 'कुलूपसर' ठेवले. ते मला आवडत असे.

पहिल्या आठवड्यात मुलांनी एक सबब लावून धरली होती: पाणी. परगावच्या वाचकांसाठी सांगतो, सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. प्रत्येक भागाचा पाण्याचा दिवस ठरलेला, वेळही ठरलेली. त्या दिवशी घरातले जे कोणी मोकळे असेल त्याने नळापाशी उभे राहायचे, पिंपे, घागरी, बादल्या, पातेली, जे भांडे पाणी धरील ते भरायचे. नंतर पुढचे तीन दिवस त्यावर काढायचे. मी प्रार्थनेत खडसावून सांगितले, "पाणी सगळ्या सोलापूरला येते. पाण्याची सबब यापुढे या शाळेत कोणी सांगायची नाही." सबब त्याच आठवड्यात बंद झाली. हा मी माझ्या शिस्तीचा विजय समजलो. आमच्या घरी बोअर होती. हे मी प्रार्थनेत सांगितले नव्हते.

आता श्रीदेवी. माझ्या निवृत्तीला वर्ष-सव्वा वर्ष उरले असताना ती दहावी अ मध्ये होती. वर्गशिक्षक श्री. बिराजदार, ते पुढे पर्यवेक्षक झाले. दहावीच्या विद्यार्थ्याची हजेरी पंचाहत्तर टक्के भरावी लागते. कमी भरली तर मुख्याध्यापकाने कारणे देऊन तूट माफ करण्याचा प्रस्ताव मंडळाच्या पुण्याच्या विभागीय कार्यालयाकडे पाठवायचा आणि मंजुरी येईपर्यंत प्रवेशपत्र, ज्याला सगळे हॉल तिकीट म्हणतात, रोखून ठेवायचे. त्या वर्षी हॉल तिकिटे आली तेव्हा श्रीदेवीचे मी टेबलाच्या खणात ठेवले. परीक्षेला जेमतेम महिना उरला होता.

दुसऱ्याच दिवशी ती आईला घेऊन आली. आई, नरसम्मा, टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवण्याच्या कामावर होती, वडील नव्हते. त्यांच्यापुढे आमचे मुख्य लिपिक वाघमोडे. त्यांनी माझ्यासमोर डॉक्टरांचा दाखला ठेवला आणि हळूच म्हणाले, "सर, कावीळ हाय. जुलै धरून. हे लावलं की झालं काम."

दाखला नवा कोरा होता, शाईसुद्धा अजून ताजी वाटावी असा. मी गेली तीस वर्षे असे दाखले पाहत होतो. हजेरीपट मागवला आणि, आता खोटे कशाला बोलू, त्या मुलीला खोटे पाडण्याच्या हेतूने तिच्या नावावर बोट ठेवले.

"जुलैची चार तारीख, अनुपस्थित. आठ, अनुपस्थित. बारा, अनुपस्थित. सोळाला रविवार. वीस, अनुपस्थित. चोवीस. अठ्ठावीस. वाघमोडे, दर चौथ्या दिवशी येणारी कावीळ तुम्ही कुठे ऐकली आहे का?"

वाघमोडे छताकडे पाहू लागले. "हिवताप लिवला आसता तर जमलं आसतं," ते पुटपुटले.

श्रीदेवी आतापर्यंत खाली पाहत होती. मान वर करून म्हणाली, "कावीळ नाही सर. पाणी येतं."

नरसम्मा तिच्यावर तेलुगूत काहीतरी कडाडली. मला तेलुगू येत नाही, पण आईने लेकीला 'गप' म्हटलेले कोणत्याही भाषेत कळते. मुलगी मात्र आता थांबेना. तिच्या गल्लीत पाणी दहाला येई आणि साडेअकराला जाई. आई आठलाच कारखान्यात जाई. घरात तिसरे माणूस नाही. वर्षाचा पाव भाग असा नळाने नेला होता. वर दिवाळीनंतर आठवडाभर खराच ताप आला आणि हजेरी पंचाहत्तरच्या खाली गेली.

"मग रजेच्या चिठ्ठीत तसे का लिहिले नाहीस?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना सर, पाण्याचं सांगायचं नाही म्हणून. मग आम्ही पोट लिहायचो, ताप लिहायचो. कुणी काय लिहायचं ते आम्ही आधी ठरवून घ्यायचो. सगळ्या मुलींचं एकाच दिवशी पोट दुखलं तर तुम्हाला कळेल ना."

मी पुन्हा हजेरीपटाकडे पाहिले, या वेळी आडवे नव्हे, उभे. चार तारखेच्या रकान्यात श्रीदेवी एकटी नव्हती. त्याच गल्लीतल्या आणखी मुली तिच्या वर-खाली होत्या. घरात आजी किंवा बहीण असल्यामुळे त्या आळीपाळीने येत, म्हणून कुणाची हजेरी बुडाली नव्हती इतकेच. आठ तारखेला पुन्हा तोच रकाना भरलेला, बाराला पुन्हा. मागावर ताणा लावावा तशा उभ्या रेघा महिन्यामागून महिन्यांत उतरत गेल्या होत्या. तो हजेरीपट मी दर महिन्याला तपासून सही करत असे.

"आणि मी येत होते सर," ती म्हणाली. "गेटपर्यंत."

फाटकावर कांताबाई असत. त्यांना बोलावून विचारले.

"येती की," कांताबाई म्हणाल्या. "पळत येती. केस वलं, वढणीचा पदर वला. कुलूप बघती, वही गजातनं देती अन् म्हणती, मावशी, दहावी अ मधी पोचवा. म्या पोचवती."

"मला का सांगितले नाहीत?"

"तुमी इचारलं कुटं?"

मी तिच्या वह्या मागवल्या. गणिताच्या वहीत वीस जुलैच्या गृहपाठावर श्री. बिराजदार यांची तारखेसह सही होती. वीस जुलैच्या हजेरीवरही श्री. बिराजदार यांचीच सही होती. तीत ती अनुपस्थित होती. अशा अकरा तारखा निघाल्या. मुलगी बाहेर, वही आत. दोष मी त्यांना देत नाही; त्यांनी आदेश पाळला, आणि आदेश माझा होता. पण ज्यांच्या दोन सह्या एकाच तारखेला एकमेकींशी भांडत होत्या, त्यांनी निदान माझ्या लेखणीविषयी जपून लिहायचे होते.

आता प्रश्न हजेरी कमी का पडली याचा राहिला नव्हता. कारण काय लिहायचे हा होता. माझ्या खोलीत त्यावर जी चर्चा झाली ती मला शब्दशः आठवते. श्री. बिराजदार म्हणाले, "सर, कावीळच लिहा. मंडळाला कावीळ समजते, नळ समजत नाही."

वाघमोडे म्हणाले, "खरं लिवलं तर आपल्याच अंगावर येतंय की. गेट कुणी लावलं म्हणून इचारत्याल. तुमचं पेन्शनचं कागद निघायच्या टायमाला कशाला हे?"

नरसम्मा दाराशी उभी होती. ती म्हणाली, "सार, कंचा बी कागद लावा. पोरगी बसली पायजे."

मी म्हणालो की माझ्या सहीखाली आजवर खोटा कागद गेलेला नाही, आणि जाणारही नाही. हे वाक्य मी मोठ्या रुबाबात उच्चारले. मग रजेच्या चिठ्ठ्यांच्या फायलीकडे माझे लक्ष गेले. पोटदुखी, ताप, उलट्या, पोटदुखी. माझ्याच एका घोषणेमुळे लिहिलेले, वर्षानुवर्षांचे, शेकडो खोटे कागद. प्रत्येकावर 'पाहिले' म्हणून माझी लहान सही.

येथे श्री. बिराजदार यांचे एक म्हणणे मला मान्य केले पाहिजे. ते त्या दिवशी म्हणाले होते, "सर, प्रामाणिकपणा तुमचा आणि वर्ष तिचे." हे वाक्य त्यांनी लेखात का घेतले नाही कळत नाही, संपूर्ण लेखात ते सर्वांत चांगले ठरले असते. खरे कारण नामंजूर झाले असते तर माझे काहीच जाणार नव्हते. तिचे जाणार होते. शाळेतून एकदा सुटलेली मुलगी टॉवेलच्या कडा शिवायला बसली की परत येत नाही, हे मला नरसम्माइतकेच ठाऊक होते. म्हणून मी निर्णय घेण्याआधी मुलीला विचारले. तिला काय हवे, हे त्या खोलीत तोवर कोणी विचारले नव्हते.

ती म्हणाली, "खरं लिहिलं तर ते नाही म्हणतील का सर?"

"म्हणू शकतात."

"आणि कावीळ लिहिली तर?"

"बहुधा नाही म्हणणार नाहीत."

तिने बराच विचार केला. मग म्हणाली, "मग टपालाने नका पाठवू ना सर. तुम्ही स्वतः जा पुण्याला. गेट तुमचंय."

वाघमोड्यांच्या हातातला कागद खाली पडला. या शाळेत माझ्याशी त्या सुरात कोणी बोलले नव्हते. मी म्हणालो, "जातो."

सकाळच्या गाडीने निघालो. कुर्डुवाडी येईपर्यंत मी तो प्रस्ताव चार वेळा वाचून काढला आणि प्रत्येक वेळी तिसऱ्या परिच्छेदाशी अडखळलो. तेथे माझ्याच हाताने लिहिले होते: 'सदर विद्यार्थिनी उपरोक्त दिवशी शाळेत येत होती, तथापि मुख्याध्यापकांच्या आदेशाने फाटक बंद असल्यामुळे तिला प्रवेश मिळाला नाही.' मंडळाच्या कार्यालयात एका अधिकारी बाईंसमोर मला बसवण्यात आले. त्यांनी सगळे कागद शांतपणे वाचले.

"फाटक बंद ठेवण्याचा आदेश कोणाचा?"

"माझा."

"लेखी आहे?"

"सूचना वहीत आहे. प्रत जोडली आहे, परिशिष्ट तीन."

त्यांनी चष्मा काढला. "तुमच्याविरुद्धचा पुरावा तुम्हीच जोडलात?"

"प्रस्ताव सर्व कागदपत्रांसह परिपूर्ण असावा, असे आपल्याच परिपत्रकात आहे."

त्या हसल्या की नाही हे मी खात्रीने सांगू शकत नाही. "घरी बोअर आहे का तुमच्या?" असे मात्र त्यांनी विचारले. मी "आहे" म्हटले. आठ दिवसांत मंजुरीचे पत्र आले आणि श्रीदेवीचे हॉल तिकीट माझ्या खणातून निघून तिच्या हातात गेले. पाठोपाठ शिक्षण विभागाकडून मला नोटीस आली: विद्यार्थ्यांना शाळेच्या दारातून परत पाठवण्याचा अधिकार आपणास कोणी दिला, याचा खुलासा करावा. मी एका ओळीत खुलासा केला: 'कोणीही दिला नव्हता.'

ही ती नोटीस. ती फाटकासाठी होती, हजेरीपटासाठी नव्हे. हजेरीपटातले एक अक्षरही बदललेले नाही. तो शाळेच्या कपाटात आहे, श्रीदेवीच्या नावापुढचे सर्व 'अ' जसेच्या तसे आहेत. ज्यांना मायेने काही दुरुस्त केलेले पाहायचे असेल त्यांनी जाऊन शोधावे. एवढ्याने श्री. बिराजदार यांचे पहिले विधान निकालात निघते.

दुसरे विधान खोडणे मला जड जाणार आहे.

वाचकांना वाटेल की पुण्याहून परत आल्यावर मी लगेच फाटक उघडले असेल. नाही उघडले. श्रीदेवीचे प्रकरण हा अपवाद होता आणि अपवादासाठी नियम मोडायचा नसतो, असे मी शिक्षकसभेत बजावून सांगितले. तिच्या गल्लीतल्या मुलींनी पाण्याच्या दिवशी पालकांची खरी चिठ्ठी आणावी, मी ती स्वीकारीन, ही माझी सवलत. उशिराने मात्र आत येता येणार नाही. कागदावर चूक कबूल करणे मला जमले होते. कुलूप काढणे जमत नव्हते. निकाल याच कुलपाने सुधारला, असे मी स्वतःला समजावत होतो. त्यात थोडे तथ्यही होते, आणि म्हणूनच ते हातून सुटत नव्हते.

अशातच एके दुपारी वाघमोडे जुने हजेरीपट काखेत घेऊन आले. "सर, एक दावायचं हाय. म्या आपलं उगंच बघत हुतो."

त्यांनी तीन वर्षांपूर्वीचे एक पान उघडले. आता मला आडवे वाचायची गरज नव्हती. उभ्या रेघा लगेच दिसल्या. त्या रेघांत एक नाव दर वेळी होते, आणि त्या नावापुढे, शेवटच्या रकान्यात, लाल शाईत माझे अक्षर: 'हजेरी अपुरी. प्रवेशपत्र रोखले.' खाली पूर्ण सही. प्रस्ताव नाही, कारण पालकांनी कोणताच दाखला आणला नव्हता. कावीळ विकत आणण्याइतकेही त्यांना सुचले नव्हते. मुलीचे नाव महानंदा. तिचे वडील दोनदा आले होते ते मला आठवले. अक्कलकोटकडचे, माझ्याच भाषेचे. मी त्यांना कन्नडमध्ये सांगितले होते की नियम सर्वांना सारखा. त्यांनी हात जोडले, आणि पुढच्या आठवड्यात शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेले.

"तुमाला तरास द्यायचा नव्हता," वाघमोडे म्हणाले. "पर एकट्यानं बघवंना."

दुसऱ्या दिवशी मी बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा अर्ज घेतला आणि पत्ता काढत महानंदाच्या घरी गेलो. गल्लीत शिरताना आठवी-नववीतली एक मुलगी दप्तर सावरत, ओल्या वेण्या पाठीवर आपटत, माझ्या अंगावरून पळत गेली. घरापुढे नळाला नळी लावून महानंदा पिंप भरत होती. मला पाहून दचकली, मग पदराला हात पुसत म्हणाली, "बर्री सर, कूडरी." या, बसा. शाळेत ती माझ्याशी कन्नडमध्ये कधी बोलली नव्हती.

बसायला जागा होती, पण पिंप भरत आले होते आणि घागरी आत होत्या. "जरा धरता का सर?" म्हणून तिने नळी माझ्या हातात दिली आणि आत गेली. मी धरली. नळाची धार बारीक होती. एक पिंप, दोन घागरी, एक मोठे पातेले, मग दुसरे पिंप. माझी बाही कोपरापर्यंत भिजली. इतक्या वर्षांत मी पाणी भरण्याला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून कधी पाहिले नव्हते. त्या दिवशी पाहिले. मी आलो तेव्हा अकराला दहा मिनिटे होती. दुसरे पिंप भरले तेव्हा अकरा वाजून अठरा मिनिटे झाली होती.

मग मी तिला अर्ज दिला. म्हणालो, "माझी चूक झाली. या वर्षी नाव नोंदव, पुस्तकांची व्यवस्था मी करतो, शिकवायलाही येईन."

तिने अर्ज दोन्ही हातांनी घेतला, ओला होऊ नये म्हणून फळीवर, देवाच्या तसबिरीमागे ठेवला. म्हणाली, "बघते सर. आता कामाचं पण आहे ना. यंदा तर नाही जमायचं." मग तसबीर सरळ करत, "सर, एक करा. आमची धाकटी भागू आठवीत आहे, आपल्याच शाळेत. आज तिचा नंबर होता पाण्याचा, मी कामावरून आले तशी सोडली तिला. तुम्ही आलात तेव्हाच पळाली बघा. तिला उशीर झाला तर आत घ्या."

मी रिक्षा केली. फाटकापाशी भागू अजून उभी होती, एक हात गजातून आत, हातात वही. आतल्या बाजूने कांताबाई वर्गांकडून नुकत्याच परत येऊन ती वही घेत होत्या. मला पाहून दोघी थिजल्या. मी कांताबाईंकडे किल्ली मागितली. कुलूप मी माझ्या हाताने काढले, आणि ते पुन्हा लागले नाही. त्या दिवसापासून उशिरा येणाऱ्याची वेळ लिहून घ्यायची आणि त्याला वर्गात बसवायचे, हा नवा आदेश मी भिजलेल्या बाहीनेच सूचना वहीत लिहिला. त्या पानाच्या कोपऱ्यावर शाई थोडी पसरलेली दिसेल. खाली तारीख आहे. श्रीदेवीचा निकाल त्यानंतर तीन महिन्यांनी लागला. ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली, आज एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते, आणि स्मरणिकेत तिचा फोटो आहे, ते योग्यच आहे. पण फाटक तिच्या यशाने उघडले नाही.

महानंदाने तो अर्ज अद्याप भरलेला नाही. दर वर्षी मी नवा नेऊन देतो, दर वर्षी ती तो फळीवर ठेवते आणि मला चहा देते. पाण्याचा दिवस असेल तर नळी मी धरतो. स्मरणिकेच्या शेवटी माजी विद्यार्थ्यांची यादी आहे. तीत तिचे नाव नाही, कारण संपादकांनी दहावी उत्तीर्ण तेवढेच घेतले आहेत. स्मरणिकेतल्या चुकांची दुरुस्ती छापणार असे मला कळवण्यात आले आहे. श्री. बिराजदार यांना माझी विनंती आहे की माझ्याविषयीची दोन विधाने हवी तर तशीच राहू द्यावीत. दुरुस्ती त्या यादीपासून करावी.